बिनकामाचं हैदराबाद

तांदळे मॅडमना चालताना बघणं मला कधी सहन झालं नाही.

त्या काही देखणं चालायच्या अशातला भाग नाही. उंची बेताची, अंग भरलेलं, डावा पाय किंचित बाहेर पडायचा. साडी घोट्याच्या चार बोटं वर आणि खाली पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेत त्या पहिल्यांदा बूट घालून आल्या तेव्हा स्टाफरूममध्ये खसखस पिकली. त्यांनी बुटांकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पायात बसतेत म्हणून पायात घातले. डोक्यात बसले असते तर डोक्यात घातले असते." विषय तिथंच संपला. पण चालणं! शाळा सुटली की आम्ही बाकीच्या बायका भाजी, दळण, गॅसवरचं दूध, यायचे पाहुणे यांच्या मागं पळत सुटायचो. त्या नुसत्या चालायच्या. मान वर, हात मोकळे. त्यांना कुठं पोचायचंच नाही असं वाटायचं.

परळीत थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या, रस्त्याला आमची मुलींची शाळा. मी मराठी आणि भूगोल शिकवायचे, त्या गणित. खिडकीच्या कठड्यावर रोज राख बसायची, बोटानं नाव लिहिता येईल इतकी. आम्ही शिपायाला हाका मारून ती पुसून घ्यायचो. तांदळे मॅडम पुसू द्यायच्या नाहीत. मुलींना उठवून त्या राखेवरच बोटानं कोन काढायला लावायच्या. "उद्या पुन्हा कोरी पाटी मिळती फुकटात," म्हणायच्या. मुली त्यांच्या तासाला कठड्याशेजारच्या जागेसाठी भांडायच्या. माझ्या तासाला भिंतीवर महाराष्ट्राचा सुंदर नकाशा टांगलेला असायचा, त्याच्या शेजारी बसायला कुणी भांडल्याचं मला आठवत नाही.

माझी मुक्ता पाचवीला आमच्याच शाळेत आली आणि तेव्हापासून आम्ही तिघी चौकापर्यंत बरोबर घरी जाऊ लागलो. चौकातून मॅडमचा रस्ता थर्मल कॉलनीकडं जायचा, आमचा बाजाराकडं. त्यांचे यजमान थर्मलमध्ये पाळीवर होते. घरात तिघंच: हे दोघं आणि सासूबाई, गयाबाई. सासरे गावाकडं शेतीवर असत. मुलगा पुण्याला शिकत होता. सासूला त्या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं आत्या म्हणत.

त्या रस्त्यावर दर दहा पावलांना कुणीतरी विचारायचं, "काय मॅडम, कुठं निघालात?" रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं त्याच दोन बायका घरी चाललेल्या असायच्या, तरी विचारायचं. मी सवयीनं म्हणायचे, "घरी." तांदळे मॅडम थांबायच्या, विचारणाऱ्याकडं नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "ठरवलं न्हाई अजून." पहिल्यांदा हे उत्तर ऐकून किराणा दुकानाचे शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले होते.

"असं का बोलता?" मी एकदा विचारलं.

"माझं माहेर तलवाड्याच्या बाजूचं," त्या म्हणाल्या. "गावात मोठा रस्ता एकच. दारातून पाय बाहेर टाकला की ओट्यावरून चार जण विचारणार, कुठं निघालीस गं? उत्तर द्यावंच लागायचं. पाण्याला, रानात, दुकानात. एकदा मी म्हणले, कुठंच न्हाई. तर आमच्या घरी येऊन सांगितलं लोकांनी, तुमची पोरगी कुठंच न्हाई निघालती म्हणून!" एवढं सांगून त्या रस्त्यातच पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आईनं मारलं ना पण मला त्याच्यावरून."

वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि परीक्षा संपल्यावर, त्या हैदराबादला जायच्या. तिथं त्यांची मावसबहीण होती. शाळेत सगळ्यांना हे माहीत होतं आणि त्यात माहीत असण्यासारखं विशेष काही नव्हतं. आमच्या परळीतून हैदराबादला गाडी आहे, माणसं जातात. आल्यावर त्या मला आणि मुक्ताला तिकडच्या गोष्टी सांगायच्या. पण बहिणीची गोष्ट त्यांच्या बोलण्यात कधीच यायची नाही. एक दिवस मुक्ता पुढं पळाली तेव्हा मी विचारलं, "बहीण काय म्हणते तुमची?"

"ती तीन वर्षं झाली नागपूरला गेली. नवऱ्याची बदली झाली."

"मग तुम्ही कुणाकडं जाता?"

"कुणाकडंच न्हाई. सकाळी नामपल्ली स्टेशनला उतरते, संध्याकाळच्या गाडीत बसते. मधला दिवस चालते."

"कशाला?"

त्यांना माझा प्रश्न खरंच कळला नाही. थोडा विचार करून म्हणाल्या, "कशालाच न्हाई."

"आणि घरी?"

"घरी बहीण अजून हैदराबादलाच हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला सांगितलं कारण तुमी भूगोलाच्या. तुमाला कळंल असं वाटलं."

मला कळलं नव्हतं असं नाही. इतकं लख्ख कळलं, की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एखाद्या बाईनं अख्खा दिवस घ्यायचा, अनोळखी मोठ्या शहरात जायचं आणि काहीही न करता फिरायचं! दवाखाना नाही, लग्न नाही, देव नाही. मी नोकरीला लागल्यापासून पोरींना नद्या आणि शहरं शिकवत होते आणि यजमानांच्या मागून चालल्याशिवाय मी एकही शहर बघितलेलं नव्हतं.

त्यांचे नियम होते. रिक्षात बसायचं नाही. खरेदी करायची नाही. ओळखीच्या कुणाकडं जायचं नाही. फोन पिशवीच्या तळाला. नाष्टा मात्र दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी, कारण "एकाच ठिकाणी खाल्लं तर दुसऱ्या ठिकाणचं काय, ते कळत न्हाई." आणि ज्याची वाट माहीत आहे त्या जागेचीही वाट लोकांना विचारायची. लोक वाट सांगताना आपल्याबद्दल सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

पुढं मी त्यांच्या गोष्टी लक्ष देऊन ऐकायला लागले, पण पोलीस जबानी ऐकतात तशी. त्या खोटं बोलत असतील अशी मला आशा होती. मी हैदराबादचा नकाशा मागवला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. त्या म्हणायच्या, अफझलगंजवरून गेले. मी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "म्हणजे पुलाच्या अलीकडं ना?" घरी येऊन, दार लावून, नकाशा उघडायचे. अलीकडंच निघायचं. एकदाही त्या चुकल्या नाहीत.

एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली. जुन्या शहरातल्या एका गल्लीत एका नव्या दुकानाच्या पाटीचं काम चाललं होतं. एक म्हातारा पेंटर उजवीकडून उर्दूत दुकानाचं नाव लिहीत येत होता आणि त्याचा पुतण्या डावीकडून तेलुगूत तेच नाव लिहीत येत होता. मधे फोन नंबरपुरती जागा सोडायची होती. दोघंही शिडीवर, दोघांची तोंडं एकमेकांकडं, आणि अक्षरं लांबत चाललेली. खाली दुकानदार हात चोळत उभा, की नंबराला जागा उरते का नाही. "मी दीड तास उभी होते," मॅडम म्हणाल्या. "शेवटी म्हाताऱ्यानं आपलं शेवटचं अक्षर वरच्या अंगाला उचललं आणि पोराला जागा करून दिली. त्यानं बघितलं सुद्धा न्हाई तिकडं. पोरगं मात्र रंग ओला असतानाच हात जोडून मोकळं झालं."

ही गोष्ट मी चोरली. पुढच्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एका लग्नात, जेवणं झाल्यावर बायका बसल्या होत्या, तेव्हा मी म्हणाले, "मी हैदराबादला एकदा काय पाहिलं..." आणि सगळं सांगितलं. मीच त्या गल्लीत उभी होते. गोष्ट मी बरी सांगते. दुकानदाराचं हात चोळणं तर मी मॅडमपेक्षा चांगलं करून दाखवलं. माझ्या नणंदेनं डोळे मोठे केले. "वहिनी, तुम्ही एकट्या गेलतात?" मी म्हणाले, "हो, त्यात काय?" इतकं सुख मला पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. तेवढ्यात मागून मुक्ता म्हणाली, "आई, हे तर तांदळे मॅडमनी बघितलं होतं ना?"

नणंदेनं विषय बदलला. मला पोरीचा राग आला आणि तिच्याहून जास्त मॅडमचा, ज्यांचा तिथं काही संबंध नव्हता.

"चला की तुमी एकदा," असं त्या नेहमीच म्हणत. मी घरचं निमित्त सांगायचे. एका डिसेंबरात मात्र मी यजमानांना विचारलं. ते नाही म्हणतील आणि मग मला मॅडमना तसं सांगता येईल, असा माझा हिशोब होता. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जा की." आली का पंचाईत! मी गेले.

नामपल्लीला उतरून मॅडमनी नळावर तोंड धुतलं, अंबाडा घट्ट केला आणि स्टेशनबाहेर येऊन उभ्या राहिल्या. थंडी होती. समोर बस, रिक्षा, हातगाड्या यांचा कोलाहल. त्या म्हणाल्या, "हं. डावीकडं का उजवीकडं? आज तुमी सांगा."

मी पर्समधून नकाशा काढला. "चारमिनार दक्षिणेला आहे."

त्यांनी नकाशा बघितला, त्याच्या घड्या बघितल्या. किती वेळा उघडलाय ते त्यांना कळलं असावं. "आवो, ठेवा ते," त्या हळू म्हणाल्या. "शहर समोर हाय."

त्या दिवसाबद्दल खरं सांगायचं तर मी वाईट सोबत केली. मी यादी घेऊन आले होते: चारमिनार, वस्तुसंग्रहालय, मोती, बांगड्या. त्या शंभर पावलं चालायच्या आणि थांबायच्या. मोअज्जमजाही मार्केटपाशी एक फळवाला पपया रचत होता, तर तो सगळी रास रचून होईपर्यंत उभ्या. एका हॉटेलात चहाला गेलो. पोऱ्या नव्हे, चांगला पन्नाशीचा वेटर लगबगीनं आला आणि न विचारता त्यांच्यासमोर चहा ठेवला, बशीत दोन बिस्किटं.

"अम्मा, भोत दिनां के बाद आए," तो म्हणाला.

"हौ, इस्कूल था," मॅडम म्हणाल्या. "तुमारे घुटने कैसे?"

"चल रै. ये कौन?"

"मेरे संगाती हैं. जुगराफिया पढ़ाते."

भूगोल शिकवणारी म्हणून त्यानं मला अदबीनं सलाम केला. मी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं. किती लोक आहेत त्या शहरात ते मला पाठ होतं, पोरींना मीच शिकवायचे. त्यातला एक माणूस या बाईची वाट बघत होता. आणि परळीत माझं घर सोडून चार गल्ल्या पलीकडं माझी कुणी अशी वाट बघत नव्हतं.

नयापुलावर त्या कठड्याला रेलून खाली मुसी नदीकडं बघत राहिल्या. खाली पाणी थोडं, बगळे पुष्कळ. अर्धा तास झाला. मी घड्याळ बघत होते. पुलावरून ढकलत, वाट काढत माणसं चालली होती आणि त्या मधेच एखाद्या झाडासारख्या उभ्या. "काय बघताय?" मी विचारलं. "काय न्हाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. मी पण कठड्याला रेलले. मला नदी दिसली, बगळे दिसले, प्लास्टिकच्या पिशव्या दिसल्या. त्यांना दिसत होतं ते दिसलं नाही.

दुपारी पत्थरगट्टीच्या बाजारात माझ्या टाचेला फोड आला. मी म्हणाले, "मॅडम, आता रिक्षा करू या."

त्या नाही म्हणाल्या नाहीत. मला एका कापडदुकानाच्या पायरीवर बसवलं, आतून कापडाची चिंधी आणि पाणी मागून आणलं, खाली बसून माझी टाच पुसली आणि बांधली. भर रस्त्यात माझा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग उठल्या आणि स्वतःच रिक्षाला हात केला. इतक्या वर्षांत त्या शहरात पहिल्यांदाच. रिक्षात दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या, वर्गातलं पोर घंटेची वाट बघत बसतं तशा. चारमिनार आम्ही रिक्षातून बघितला. मी बांगड्या घेतल्या. वस्तुसंग्रहालय झालं. माझी सगळी यादी पूर्ण झाली. संध्याकाळी फलाटावर त्या म्हणाल्या, "पायाला सवय न्हाई तुमच्या. पुढल्या टायमाला व्हईल."

त्यांच्या वर्षातल्या दोन दिवसांतला एक मी खाल्ला होता आणि त्या मलाच समजावत होत्या. त्या चिडल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं असतं.

पुढच्याच महिन्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्यांच्याच घरी, कॉलनीत. बायकांनी खोली भरली होती. मॅडम आत स्वयंपाकघरात ताटल्या भरत होत्या. गयाबाई दाराशी पाटावर बसल्या होत्या, नऊवारी, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. मला बघून म्हणाल्या, "या, या मॅडम. तुमी बी गेलतात म्हणं सूनबाईसंगं हैद्राबादेला. तिची बहीण कशी हाय? पोरं मोठी झाली असतील की आता."

मला फक्त 'बरी आहे' म्हणायचं होतं. दोन शब्द. माझ्या हातात तिळगूळ होता.

"बहीण?" मी म्हणाले. "ती तर नागपूरला असते ना आता?"

तपासणीला साहेब आले की मी ज्या गोड आवाजात बोलते, त्या आवाजात बोलले. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगितलं, की चुकून तोंडातून गेलं. चुकून गेलं नव्हतं. बोलायच्या आधी मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून घेतलं होतं.

गयाबाईंचा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला. "मग तुमी उतरलात कुठं?"

"उतरलो कुठं नाही. फिरलो दिवसभर."

"कावून? कशासाठी?" गयाबाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "ते तुम्ही त्यांनाच विचारा."

दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेवर शाळेत आल्या. राखेवर कोन काढून घेतले. घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "काल आत्यानं सगळं विचारलं." मी पुढच्या वाक्याची वाट बघत चौकापर्यंत चालले. पुढचं वाक्य आलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्या गेल्या नाहीत. दिवाळीनंतर त्यांचे यजमान म्हणाले, एवढी हौस आहे तर सगळे जाऊ. जीप करून सगळं घर हैदराबादला गेलं, प्राणिसंग्रहालय बघून आलं. "कसं झालं?" मी विचारलं. "वाघ बघितला," त्या म्हणाल्या.

आणि मी? मला त्या काळात बरं वाटलं, हे लिहून ठेवते. वर्ष-दीड वर्ष आम्ही चौकापर्यंत जायचो त्या अगदी एकसारख्या दोन बायका होतो. कुणाकडंच सांगण्यासारखं काही नव्हतं. मी लोणच्याबद्दल बोलायचे, त्या ऐकायच्या. कपाटातला नकाशा मी रद्दीत घातला. फक्त मुक्ता मधेमधे विचारायची, "मॅडम, त्या चहावाल्यांचे गुडघे कसेत आता?" आणि मॅडम म्हणायच्या, "काय की बाई."

मग एका शुक्रवारी त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात आम्ही सगळे 'घरगुती' लिहितो. त्यांनी लिहिलं होतं, 'हैदराबाद येथे पायी फिरणे'. सरांनी बोलावून घेतलं. मी शेजारीच हजेरी भरत बसले होते.

"मॅडम, हे कारण चालत न्हाई," सर म्हणाले.

"खरं हाय, सर."

"खरं असंल. पण असं कुणी लिहीत न्हाई. घरगुती लिहा."

"घरचं काहीच न्हाई त्यात. घर इथंच ऱ्हाणारय."

सरांनी पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं आणि शेवटी सही केली.

संध्याकाळी चालताना मी विचारलं, "आणि घरी काय सांगितलं?"

"हेच. म्हणले, आत्या, शनिवारच्या गाडीनं चालले. बहीण न्हाई, काम न्हाई. चालायला चालले. तीन दिवस झाले, त्या बोलत न्हाईत, हे बी बोलत न्हाईत. बोलतील. भाकरी माझ्याच हातची खातेत ना." त्या हसल्या. मग थोडं चालून म्हणाल्या, "एक सांगू का? तुमी आत्याला बोललात ते बरंच झालं. दरवेळी येऊन त्या बहिणीच्या पोरांचं काहीतरी रचावं लागायचं. कोणतं पोरगं कितवीला हाय ते मी वहीत लिहून ठेवलेलं. त्याचाच लई ताप व्हायचा."

माझे पाय थांबले. "मॅडम, मी त्या दिवशी मुद्दाम..."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. दोनाचा पाढा म्हणावा तसं म्हणाल्या. "चला, मुक्ता थांबलीय पुढं."

कुणी म्हणेल, मग तुमच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. उतरलं नाही. मी आयुष्यात ठरवून एकच वाईट काम केलं होतं, आणि तेही त्यांच्या उपयोगी पडलं होतं.

त्यानंतर त्या उघड जायला लागल्या. आल्यावर सांगायच्या पूर्वीसारख्याच, पण आता स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. शिपाईसुद्धा टेकून ऐकायचा. मी वह्या तपासत बसायचे आणि बरोबर उत्तरावरही फुली मारायचे.

मुक्ता पुढं उदगीरला शिकायला गेली. सुट्टीला ती सकाळच्या गाडीनं परळीला यायची आणि मी रिक्षा घेऊन स्टेशनवर जायचे. ती हैदराबादहून येणारीच गाडी. एका सकाळी मुक्ता डब्यातून उतरली आणि तिच्या शेजारच्या डब्यातून तांदळे मॅडम. त्यांनी वळून वर हात केला आणि तो हात धरून, एक-एक पायरी चाचपत, गयाबाई खाली उतरल्या. पंच्याहत्तरीच्या. त्याच नऊवारीत.

मी काही विचारायच्या आधीच त्यांनी माझा दंड धरला. "आवो मॅडम, लई मोठं शहर हो! भट्टीत भाकर कशी करतेत म्हाईत हाय का तुमाला? जमिनीत रांजण पुरलेला आसतोय, खाली निखाऱ्याचा आर. आन तो गडी खांद्यापतोर हात आत घालून भाकर भिंतीला चिकटवतोय! भिंतीला! आन ती पडत न्हाई! म्या त्याला म्हन्लं, आरं बाबा, कड जाड ऱ्हायली तुजी. तो म्हनतोय, अम्मा, तुमीच करा. म्या केली की एक!"

"पडली," मॅडम म्हणाल्या.

"पडली," गयाबाईंनी मान्य केलं. "पर दुसरी न्हाई पडली. आन ही म्हनती, आत्या, रिक्षा करू का. कावून? माजे पाय काय गळून पडले का?" मग एकदम माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "तुमी कावून येत न्हाई वो? तुमाला कोन अडवतंय?"

मी म्हणाले, "शाळा असते." शाळेला सुट्टी होती, म्हणूनच आम्ही सगळ्या तिथं उभ्या होतो. गयाबाईंच्या ते लक्षात आलं नाही. मॅडमच्या आलं. त्यांनी मुक्ताला अभ्यासाचं विचारलं, मग मला म्हणाल्या, "यांची बदली झाली. विदर्भातल्या थर्मलला. महिनाअखेर निघतो आमी. तिथून नागपूर जवळ हाय म्हणं. मी न्हाई बघितलेलं."

"बघू की," गयाबाई म्हणाल्या. "कुठं पळून चाललंय?"

मुक्तानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मॅडम, मी येऊ का एकदा तुमच्यासोबत?"

"ये की गं. कवाबी ये."

मग त्या माझ्याकडं बघत थांबल्या. क्षणभरच, पण थांबल्या. फळवाल्याची रास पुरी होईपर्यंत थांबायच्या तशाच, काही न मागता. मी पण येते, एवढंच म्हणायचं होतं. माझं तोंड उघडलंही होतं.

"चल मुक्ता," मी म्हणाले. "रिक्षावाला थांबलाय."

रिक्षा वळली तेव्हा मी मागच्या फटीतून पाहिलं. स्टेशनच्या दारात चार-पाच रिक्षावाले गोळा झाले होते आणि त्यांच्या मधोमध गयाबाई वाकून, उजवा हात खांद्यापर्यंत हवेत आत घालून, भाकर भिंतीला कशी चिकटवायची ते दाखवत होत्या. तांदळे मॅडम दोन्ही पिशव्या धरून बाजूला उभ्या होत्या. ऊन चढत होतं, घरी त्यांचे यजमान चहासाठी खोळंबले असतील, सामान बांधायचं पडलं असेल. त्या कुठंही निघालेल्या दिसत नव्हत्या.